हेलयो! : असुर, एल्फ आणि नावाचा उच्चार

त्वष्टा हा देवांचा कारागीर. इंद्राचे वज्र त्यानेच घडवले. त्याचा मुलगा विश्वरूप याला तीन मस्तके होती. एका मुखाने तो सोम पिई, दुसऱ्याने सुरा आणि तिसऱ्याने अन्न खाई. इंद्राला त्याचा संशय आला आणि त्याने तिन्ही मस्तके उडवली. मुलाच्या वधाने संतापलेल्या त्वष्ट्याने सोमयाग मांडला, पण इंद्राला बोलावले नाही. इंद्र न बोलावता आला आणि बळेच सोम पिऊन गेला. तेव्हा पात्रात उरलेला सोम त्वष्ट्याने अग्नीत ओतला आणि ‘इंद्रशत्रू’ असे संबोधून, अग्नीतून जो कोणी निघेल त्याने वाढावे, असे म्हटले. त्यातून वृत्र जन्मला. तो दर दिशेला बाणाच्या टप्प्याएवढा वाढत गेला आणि त्याने हे लोक व्यापले. पुढे इंद्राने त्याला मारले.

तैत्तिरीय संहितेत आणि शतपथ ब्राह्मणात ही कथा येते. इंद्राला मारण्यासाठी निर्माण केलेला वृत्र इंद्राच्याच हातून का मेला, याचे उत्तर परंपरेने त्वष्ट्याच्या उच्चारात शोधले. ‘इंद्रशत्रु’ हा समास दोन प्रकारे सोडवता येतो. ‘इंद्राचा शत्रू’, म्हणजे इंद्राला नाहीसे करणारा, हा तत्पुरुष. ‘इंद्र ज्याचा शत्रू’, म्हणजे ज्याला इंद्र नाहीसे करील तो, हा बहुव्रीही. दोहोंत अक्षरे तीच असतात, फरक असतो तो स्वराचा. तत्पुरुषात उदात्त शेवटच्या अक्षरावर पडतो. बहुव्रीहीत पूर्वपदाचा मूळ स्वर कायम राहतो, म्हणून येथे तो पहिल्या अक्षरावर येतो. त्वष्ट्याला तत्पुरुष म्हणायचा होता, तोंडून बहुव्रीही गेला. ‘वाढ’ ही आज्ञा मात्र बिनचूक उच्चारली गेली होती, त्यामुळे वृत्र वाढला भरपूर. वाढला तो मरण्यासाठी.

शतपथकार तर आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगतात. त्वष्ट्याने समास न करता ‘इंद्राचा शत्रू’ अशी दोन पदे सुटी म्हटली असती, तर त्या प्राण्याने इंद्रालाच मारले असते. षष्ठीचा प्रत्यय उच्चारायचा आळस एवढा महागात पडला! संस्कृतच्या शिक्षकांना ही कथा प्रिय असते, त्याचे कारण उघड आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात पतंजलीने व्याकरणाची प्रयोजने सांगताना महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात, पस्पशाह्निकात, हा दाखला घेतला आणि तेव्हापासून तो ‘व्याकरण शिका, नाहीतर वृत्रासारखी गत होईल’ अशा धाकासाठी वापरला जातो.

हा धाक कथेशी फारसा प्रामाणिक नाही असे आम्हांला वाटते. चूक कोणाची झाली? त्वष्ट्याची. मेला कोण? वृत्र. ज्याने नाव चुकीचे उच्चारले तो सुखरूप राहिला. ज्याला त्या नावाने हाक मारली, त्याच्या देहात ती चूक उतरली. वृत्राला बोलायची संधीही मिळालेली नाही. जन्मण्यापूर्वीच त्याचे नाव ठरले आणि त्या नावात त्याचे मरण ठरले. अतिमानुष प्राण्यांच्या कथांमध्ये नाव ही वरून चिकटवलेली चिठ्ठी नसते. तो प्राणी नावाचाच बनलेला असतो. म्हणून नाव चुकले की प्राणी चुकतो. ही कल्पना पुढे जगभरच्या अद्भुतकथांत दिसत असली, तरी आद्युदात्त आणि अंतोदात्त अशा काटेकोर परिभाषेत ती क्वचितच कुठे मांडली गेली असेल.

पतंजलीने याच यादीत असुरांचा एक दाखला दिला आहे आणि ऐतिहासिक दृष्ट्या तो अधिक बोलका आहे. असुरांनी ‘हे अरयः’, म्हणजे ‘अहो शत्रूंनो’, असे पुकारायच्या ऐवजी ‘हेलयो हेलयः’ असे पुकारले आणि ते पराभूत झाले. शतपथात हाच शब्द थोड्या वेगळ्या रूपात, ‘हेलवो’ असा येतो आणि हे म्लेच्छपणाचे बोलणे आहे, ब्राह्मणाने असे बोलू नये, असा निषेधही येतो. म्हणजे असुर हरले ते शस्त्राने दुबळे होते म्हणून नव्हे, तर त्यांनी ‘र’च्या जागी ‘ल’ म्हटला म्हणून.

आता ‘र’चा ‘ल’ करणारे हे असुर कुठे राहत होते? अशोकाच्या शिलालेखांकडे पाहावे. गिरनारच्या लेखात ‘राजा’ या शब्दाच्या रूपांत ‘र’ टिकून आहे; ओडिशातील धौलीच्या लेखात त्याच राजाचा ‘लाजा’ झालेला आहे. पूर्वेकडच्या, मगधाच्या बाजूच्या जिवंत बोलीचे हे लक्षण होते आणि खुद्द मौर्य सम्राटाच्या राजधानीत ते ऐकू येत असणार. प्राकृत वैयाकरणांनी मागधीचा तो एक नियमच मानला. मग यज्ञभूमीवरच्या असुरांच्या तोंडी घातलेला ‘दोष’ हा शेजाऱ्यांच्या बोलण्याचा कानाने टिपलेला नमुना ठरत नाही काय? सगळे विद्वान ‘हेलयो’चा उलगडा असाच करत नाहीत, काहींनी त्यात परकीय भाषेचा शब्दही शोधला आहे. परंतु पतंजलीपुरते बोलायचे तर त्याने हे ‘अरयः’चेच बिघडलेले रूप मानले आहे आणि बिघाडाची दिशा पूर्वेची आहे.

पुढे संस्कृत रंगभूमीने हे आणखी स्पष्ट केले. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहारा’त तिसऱ्या अंकाच्या आरंभी रुधिरप्रिय राक्षस आणि त्याची बायको वसागंधा रणभूमीवर रक्त आणि चरबी गोळा करत फिरतात, आणि ते दोघे मागधीत बोलतात. प्राकृत व्याकरणांच्या नियमाप्रमाणे मागधीत ‘राक्षस’ या शब्दाचे रूप ‘लस्कश’ असे काहीसे होते. म्हणजे राक्षसाला स्वतःला ‘राक्षस’ म्हणता येत नाही! प्रेक्षागृहातल्या सुशिक्षित प्रेक्षकाला त्याची ओळख पटवायला सुळे लावायची गरजच नव्हती. ‘र’ ऐकू आला नाही की पुरे. ‘शाकुंतला’तला कोळी बिचारा माणूस असून त्याच बोलीत बोलतो. नाटकातल्या उच्चाराच्या उतरंडीत कोळी आणि राक्षस एकाच पायरीवर उभे आहेत.

अतिमानुष प्राण्यांच्या उच्चाराचा हाच प्रश्न विसाव्या शतकात एका इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने वेगळ्या बाजूने हाताळला. जे. आर. आर. टॉल्किन हे ऑक्सफर्डला प्राचीन इंग्रजीचे आणि नंतर इंग्रजी भाषा-साहित्याचे प्राध्यापक होते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या शेवटी, 1955 साली निघालेल्या तिसऱ्या खंडात, त्यांनी उच्चारांवर एक परिशिष्टच जोडले. रोमन लिपीतला ‘सी’ एल्फांच्या नावांत नेहमी ‘क’ वाचायचा, असा त्यातला एक नियम आहे. त्यानुसार ‘केलेबोर्न’ हा उच्चार बरोबर. मराठी वाचकांच्या तोंडी सर्रास ‘सेलेबोर्न’ असतो. रोमन लिपीत वाचणाऱ्याची चूक मनातल्या मनात राहते. देवनागरीत लिहिणाऱ्याला मात्र ‘क’ की ‘स’ हे ठरवावेच लागते. आपली लिपी या बाबतीत कोणालाच पळवाट देत नाही.

परंतु टॉल्किनचे खरे मर्मभेदक लेखन या परिशिष्टात नाही. 1968 मध्ये किंवा त्यानंतर त्यांनी फेआनोर या एल्फ राजपुत्राबद्दल एक टिपण लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1996 साली त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी ‘द पीपल्स ऑफ मिडल-अर्थ’ या खंडात प्रसिद्ध केले. फेआनोरच्या आईचे नाव मीरिएल. ती कशिदा काढण्यात निपुण, म्हणून तिला ‘थेरिंदे’ म्हणत. फेआनोरला जन्म देऊन ती इतकी शिणली की तिने देह सोडला. बापाने दुसरे लग्न केले. याच सुमारास नोल्दोर एल्फांच्या बोलीत एक ध्वनी बदलू लागला होता. जीभ दातांना लावून घर्षणाने काढला जाणारा, इंग्रजी ‘थिंक’मध्ये असतो तो ध्वनी जाऊन त्याच्या जागी ‘स’ येऊ लागला. सगळेच असे बोलू लागले, बापही बोलू लागला. त्या नियमाने ‘थेरिंदे’ची ‘सेरिंदे’ झाली.

फेआनोर स्वतः भाषेचा मोठा जाणकार होता. हा बदल त्याने आईचा अपमान मानला. आपल्या मुलांना त्याने जुना उच्चारच शिकवला आणि जो ‘स’ म्हणेल तो आपल्याला नाकारतो, असे धरले. सावत्र आईच्या माहेरच्या लोकांत जुनाच उच्चार टिकून होता. तिने मात्र नवऱ्याच्या लोकांसारखे बोलायचे ठरवून ‘स’ स्वीकारला. फेआनोरच्या रागात त्यामुळे भरच पडली. बोलणाऱ्यांनी मुद्दाम काही केले नव्हते. ध्वनी बदलतात ते कोणाला विचारून नव्हे. तरी एका मुलाच्या कानाला प्रत्येक ‘स’मध्ये मेलेल्या आईचे नाव पुसले जाताना ऐकू येत होते. त्या घराण्याच्या पुढच्या फुटीमागे अनेक कारणे आहेत, पण त्यांत हे एक व्यंजन आहे.

(देवनागरीतल्या ‘थेरिंदे’वरही फेआनोर समाधानी झाला नसता, हे सांगून टाकलेले बरे. आपला ‘थ’ हा महाप्राण स्पर्श. त्याला हवे होते ते घर्षण. या लेखात त्याच्या आईचे नाव चुकलेलेच आहे.)

‘हेलयो’ आणि ‘सेरिंदे’ शेजारी ठेवले की एक फरक दिसतो. ब्राह्मणग्रंथात ज्याचा ध्वनी बदलला तो असुर ठरला, आणि त्याचे म्हणणे काय होते ते ग्रंथाने विचारले नाही. टॉल्किनच्या टिपणात ध्वनी बदलणारे बहुसंख्य आहेत आणि जुना ध्वनी धरून बसलेला एकटा आहे. तो ना पूर्ण बरोबर आहे, ना पूर्ण चूक. भाषेचा इतिहास शिकवणाऱ्याला ध्वनिपरिवर्तन हा निसर्गक्रम म्हणून सांगावा लागतो. एखाद्या नावावर ते कोसळते तेव्हा काय होते, हे मात्र एल्फांची गोष्ट लिहिणाऱ्या प्राध्यापकाला सांगावेसे वाटले.

अर्सुला ले ग्विनच्या ‘अर्थसी’ कथांतल्या खऱ्या नावांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे एकच मुद्दा. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (1968) मध्ये तरुण गेड पेंडोर बेटावरच्या ड्रॅगनला त्याच्या खऱ्या नावाने, ‘येवॉद’ अशी हाक मारून बांधतो. ते नाव त्याला मंत्रबळाने कळलेले नाही. ड्रॅगनांचे जुने वृत्तान्त वाचून त्याने केलेला तो तर्क आहे; म्हणजे इतिहासाच्या अभ्यासाचे फळ. ज्या आदिभाषेत ही नावे आहेत, ती माणसाला शिकावी लागते आणि तिच्यात त्याला खोटे बोलता येत नाही. ड्रॅगनांची ती मायबोली. त्यांना तिच्यात फसवताही येते. ‘शुद्ध’ भाषेचे बंधन शिकणाऱ्यावर अधिक असते आणि जन्माने मिळालेल्यावर कमी, हे निरीक्षण एका मानववंशशास्त्रज्ञाच्या मुलीला शोभणारे आहे.

आपल्याकडे याच्या नेमका उलट प्रवाहही आहे, तो विसरता येत नाही. ‘मरा मरा’ म्हणत वाल्ह्याचा वाल्मीकी झाला, अजामिळाने मुलाला मारलेल्या हाकेने तो तरला. नामभक्तीने उच्चाराची अट काढून टाकली आणि वारकऱ्यांच्या महाराष्ट्रात तिला मिळालेला प्रतिसाद सर्वांना ठाऊक आहे. नाम घेणाऱ्याचा स्वर कुठे पडला, हे विठ्ठल तपासत बसत नाही. त्वष्ट्याचा यज्ञ आणि वाल्ह्याचा जप ही दोन टोके एकाच परंपरेने सांभाळली आहेत.

मराठीच्या वर्गात मात्र त्वष्ट्याचे टोक अजून जड आहे. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारा विद्यार्थी प्रकट वाचनाला उभा राहिला की मागच्या बाकांवर खसखस पिकते, आणि कधी कधी शिक्षकाच्या ओठांच्या कोपऱ्यातही. ‘ण’चा ‘न’ होणे हे ‘र’चा ‘ल’ होण्याइतकेच नियमबद्ध आहे, हे आम्ही भाषाविज्ञानाच्या तासाला सांगतो आणि साहित्याच्या तासाला विसरतो. हजेरीपटावर आडनावे लिहिताना तर लिहिणाऱ्याच्या कानाला जे बरोबर वाटले तेच कायम होते. त्या नावाच्या माणसाला वृत्राप्रमाणेच कोणी विचारलेले नसते.

महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या कीलहॉर्न यांनी सिद्ध केली, आणि वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी ते मराठीत आणले. तेव्हा पस्पशाह्निक मूळातून वाचायला मराठी विद्यार्थ्याला फारशी अडचण नाही. वृत्र आणि असुर यांचे दाखले सगळे देतात. त्याच आह्निकातली तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ‘यर्वाण’ आणि ‘तर्वाण’ नावाचे ऋषी होते. ‘यद्वा नः, तद्वा नः’, म्हणजे ‘आमचे जे असेल ते असो’, असे म्हणायचे असताना ते घाईत ‘यर्वाणस्तर्वाणः’ म्हणत, म्हणून त्यांना हे नाव पडले. पतंजली त्यांना धर्माचे प्रत्यक्ष दर्शन झालेले, जाणण्यासारखे सारे जाणलेले म्हणतो. यज्ञकर्मात ते शुद्ध बोलत. घरी, एरवीच्या व्यवहारात, असे. असुरांनी हेच यज्ञात केले, एवढाच काय तो फरक, असे सांगून पतंजली पुढच्या मुद्द्याकडे वळतो. त्या ऋषींची खरी नावे त्याने दिलेली नाहीत.