दोन डॉक्टर, एक जबडा

नोव्हायमध्ये गाड्यांच्या कंपन्यांत काम करत असाल, तर ‘गेज आर अँड आर’ तुम्हाला माहीत असेल. एकच पार्ट, एकच गेज, दोन ऑपरेटर: आकडा तोच येतो का? जवळच्याच साउथफील्डमधल्या ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री अ‍ॅक्शन ग्रुपने याची पुस्तिका १९९० मध्ये काढली. आता हाच प्रश्न जबड्याच्या सांध्याला विचारू. घास चावताना कानापाशी दुखतं, तोंड उघडताना ‘कट्’ वाजतं. इथे गेज म्हणजे डॉक्टरची बोटं.

१९३४ मध्ये सेंट लुइसचे कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी फक्त ११ रुग्णांवरून मांडलं, की दुखण्याचं मूळ बिघडलेल्या चाव्यात आहे. त्यांचं शरीररचनेचं स्पष्टीकरण पुढे टिकलं नाही. चाव्यावरचा विश्वास मात्र टिकला. इथून तासाभराच्या आतल्या अ‍ॅन आर्बरमध्ये रामफ्योर्ड आणि अ‍ॅश यांनी ‘मिशिगन स्प्लिंट’ घडवली, १९६६ मध्ये चाव्यावर मोठा ग्रंथ लिहिला. ‘उपचाराने बरं वाटलं, म्हणजे निदान बरोबर’ असं मानणं तेव्हा सोपं होतं.

१९७६ मध्ये गुडमन, ग्रीन आणि लॅस्किन यांनी २५ रुग्णांचे दात घासून चावा जुळवण्याचं नुसतं नाटक केलं. १६ जणांना बरं वाटलं! म्हणजे आराम पडला, एवढ्यावरून निदान सिद्ध होत नाही. तपासणीचीच तपासणी करायला हवी.

कशी? समजा, दोन डॉक्टरांनी १०० जणांना तपासलं आणि ८० जणांबद्दल त्यांचं एकमत झालं. छान वाटतं ना? पण दोघांनी नाणं उडवून उत्तरं दिली असती, तरी सुमारे ५० ठिकाणी जुळलीच असती. जेकब कोहेन यांचा १९६० चा ‘कॅपा’ हे योगायोगाचं एकमत वजा करतो. उरतात ५० पैकी ३०, म्हणजे ०.६.

मग १९९२ मध्ये ड्वॉर्किन आणि लरेश यांनी नियमच लिहून काढले. बोटाने किती दाबायचं? गालाच्या स्नायूवर दोन पौंड, सांध्यावर एक. २०१४ च्या सुधारित निकषांत एक साधा प्रश्न आला: ‘हे तुमचं नेहमीचंच दुखणं आहे का?’ आज स्नायूंच्या दुखण्याचं निदान या पद्धतीने १०० पैकी ९० रुग्णांत पकडता येतं. पण तोंड उघडताना जागेवर येणारी सरकलेली चकती? एमआरआयशी ताडून पाहिलं, तर १०० पैकी ३४ च.

दोघांचं जुळणं म्हणजे खरं असणं नव्हे. चुकीच्या गेजवरही दोन ऑपरेटर एकमत होतात. पण जिथे जुळतच नाही, तिथे पुढे जायचं कशाच्या भरवशावर? म्हणून नुसत्या ‘कट्’वरून कोणी दात घासायला निघालं, तर आधी विचारा: दुसऱ्या डॉक्टरलाही हेच सापडेल का? दुखत नसेल, तर त्या आवाजाला बहुधा उपचार लागतच नाही. आणि घासलेला दात परत वाढत नाही.