हॅम्बुर्गचा टेम्पो, आकुर्डीचा टेम्पो

आजचा आपला विषय छोट्या धंदेवाल्याची मालगाडी. मराठीत आपण तिला टेम्पो म्हणतो. कंपनी कुठलीही असो, चाकं तीन असोत की चार, ‘टेम्पो सांगितलाय’ म्हटलं की पुरतं. पण टेम्पो हे मुळात एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचं नाव. हॅम्बुर्गची ‘फिदाल उंड झोन’, म्हणजे फिदाल आणि मुलगा.

या गाडीचा जन्म झाला तो करातल्या एका सवलतीमुळे. 1928 साली जर्मनीत नियम आला: चारापेक्षा कमी चाकं आणि 200 सीसीपर्यंतचं इंजिन असेल, तर वाहनकर नाही आणि चालवायला परवानाही लागत नाही. बेकरीवाला, कोळसेवाला, भाजीवाला, ज्यांना ट्रक झेपत नव्हता, ते सगळे गिऱ्हाईक झाले. तीन चाकं म्हणजे कारागिरांची हौस नव्हती, हिशेब होता.

आता तिची रचना नीट बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. युद्धानंतर, 1949 मध्ये, ‘हान्सेआट’ हे मॉडेल आलं. दोन सिलिंडरचं, सुमारे 400 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन पुढच्या एकुलत्या चाकापाशी, आणि साखळीनं फिरवायचं तेच चाक. म्हणजे मागे ना प्रोपेलर शाफ्ट, ना डिफरन्शियल. त्यामुळे मालाचा हौदा जमिनीजवळ आणता आला. दिवसातून वीस वेळा पोती चढवणाऱ्या हमालाला विचारा, वीतभर उंची कमी झाली की पाठीला काय फरक पडतो! भार साधारण पाऊण टन. वळणावर मात्र जपून.

त्याच वर्षी चारचाकी ‘माटाडोर’ आली, आपली मॅटाडोर. तिच्यात इंजिन फोक्सवॅगनचं. पुढच्याच वर्षी फोक्सवॅगननं स्वतःची व्हॅन बाजारात आणली, आणि थोड्याच काळात टेम्पोला इंजिनं मिळेनाशी झाली. प्रतिस्पर्ध्याला कोण किती दिवस पोसणार? पुढे कंपनी हानोमागच्या ताब्यात गेली. हान्सेआटचं जर्मनीतलं उत्पादन 1956 ला थांबलं. तिथल्या दुकानदाराच्या हातात पैसा आला होता, त्याला चार चाकं हवी होती.

आणि 1958 मध्ये बजाज टेम्पो कंपनी स्थापन झाली. मागे होते अहमदनगरचे नवलमल फिरोदिया, वकील आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले. हान्सेआट आधी मुंबईत गोरेगावला बनली, मग कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला आला. ‘जर्मनांनी टाकलेला माल आपण उचलला’ असा आक्षेप नेहमी घेतला जातो. आम्हाला तो अर्धाच पटतो. तंत्र जुनं होतं हे खरं. पण परकीय चलनाची चणचण, अरुंद पेठा, आणि बैलगाडी-हातगाडीच्या वर अन् ट्रकच्या खाली दुसरं फारसं काही नाही, अशा बाजारात नवं तंत्र कुणाच्या खिशाला परवडलं असतं? 1928 चा जर्मन बेकरीवाला आणि साठच्या दशकातला आपला मंडपवाला यांची अडचण एकच होती. चूक असलीच तर ती वेगळी: स्पर्धा नसल्यामुळे तीच गाडी फार बदल न होता दशकानुदशकं बनत राहिली. धूर आणि फटफटाट आठवतोय ना? उत्तरेतल्या शहरांत तर तिच्यात बाकडी टाकून माणसं नेली गेली.

1969 पासून मॅटाडोरही इथे बनू लागली. तीही पुढच्या चाकांवर चालणारी, म्हणून हौदा खालीच. कुठे भाजी, कुठे गाद्या, कुठे लग्नाची भांडी. रुग्णवाहिका झाली, शाळेची गाडीही झाली.

मग 2005. टाटांनी दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची ‘एस’ आणली, लोकांनी तिला छोटा हत्ती केलं. त्याच वर्षी बजाज टेम्पोनं आपलं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. जर्मनीत आज ‘टेम्पो’ मागितलात तर तुम्हाला कागदी रुमाल मिळेल. तो त्याच नावाचा दुसराच ब्रँड. आपल्याकडे मात्र छोट्या हत्तीच्या मालकालाही गिऱ्हाईक फोनवर विचारतं, “टेम्पो मोकळा आहे का?”