चांदीचा टाका आणि कापसाची मोजणी

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडे म्हणतात. पोट कापून करावयाच्या बाळंतपणाला, म्हणजे सिझेरियनला, ही म्हण फार काळ लागूच पडत नव्हती. तिथे पुनर्जन्म क्वचितच होई.

खामगाव हे चांदीचे आणि कापसाचे गाव. १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटा इथवर आला, तो कापसाच्या गाठींसाठी. सिझेरियनच्या इतिहासात या दोन्ही जिनसांचे काम पडले आहे. ते कसे, ते आज पाहू.

आपल्या सुश्रुताने सांगून ठेवले आहे की, आई मरण पावली आणि पोटातले मूल हालत असेल, तर पोट कापून ते ताबडतोब काढावे. म्हणजे शस्त्रक्रिया मुलासाठी. आई हातची गेलेलीच. युरोपातही बराच काळ हीच समजूत होती. पुढे जिवंत बाईवर हा प्रयोग होऊ लागला, तरी मूल काढल्यावर गर्भाशय तसेच उघडे सोडून देत. ते आपोआप आवळते, आणि टाके आत राहिले तर पू होतो, असे वैद्यांना वाटे. मग काय होणार? बाई रक्तस्रावाने जाई, नाही तर चार दिवसांनी तापाने जाई.

१८७६ साली इटलीतल्या पाव्हिया गावी पोर्रो नावाच्या डॉक्टरने गर्भाशयच काढून टाकले आणि बाई वाचवली. पण त्या बाईला पुन्हा मूल होणे नाही! १८८२ साली जर्मनीत, लाइप्झिगला, मॅक्स झेंगर याने गर्भाशय नीट शिवावे असे सांगितले. त्यासाठी त्याने चांदीची तार आणि रेशीम वापरले. मरणाचे प्रमाण उतरू लागले, ते तेव्हापासून.

आणखी एक गोष्ट ऐका. १८७९ साली युगांडात फेल्किन नावाच्या प्रवाशाने एका देशी वैद्याला सिझेरियन करताना पाहिले. ना इस्पितळ, ना यंत्र. वैद्याने केळीच्या दारूने आपले हात आणि बाईचे पोट धुतले, तीच दारू तिला गुंगी यावी म्हणून पाजली, तापल्या लोखंडाने रक्त थांबवले आणि लोखंडी सुयांनी पोट मिटवले. अकरा दिवसांनी फेल्किन निघाला, तेव्हा बाई जिवंत होती. साधने तुटपुंजी असली तरी शिस्त असेल तर जीव वाचतो, हा त्यातला धडा.

त्याच काळात आपल्या महाराष्ट्राची लेक, डॉ. आनंदीबाई जोशी, अमेरिकेत शिकत होती. तिचे पहिले मूल दहा दिवसांचे होऊन गेले होते. १८८६ साली तिने पदवी मिळवली, आणि प्रबंधाचा विषय घेतला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचाच. पुढल्याच वर्षी ती वारली.

आता प्रश्न लहान गावातल्या रुग्णालयाचा. चाकू सगळीकडे सारखाच असतो. फरक पडतो तो चाकूच्या आधी आणि नंतर. भूल देणारा जाणता माणूस हवा. म्हणूनच सरकारने साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरांनाही भुलेचे १८ आठवड्यांचे शिक्षण देण्याची सोय केली. रक्त वेळेवर हवे. जंतुनाशक औषधाची मात्रा कापण्याआधी हवी. आणि कापसाची मोजणी हवी! गॉजच्या घड्या आत किती गेल्या, बाहेर किती आल्या, हे नर्सने मोठ्याने मोजायचे. एक घडी पोटात राहिली तर बाई पुढे महिनोन्‌महिने भोगते.

२००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा १९ मुद्द्यांची एक यादी काढली. ती भुलेआधी, कापण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी वाचायची. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत नाना प्रकारच्या शस्त्रक्रियांसाठी ती वापरून पाहिली. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शेकडा १.५ वरून ०.८ वर आले. खर्च किती? एक कागद आणि दोन-तीन मिनिटे. पण थोरल्या डॉक्टरला धाकट्या नर्सने 'थांबा, एक घडी कमी आहे' असे बेधडक म्हणता आले पाहिजे. अवघड आहे ते हेच. २०१७ साली 'लक्ष्य' या योजनेने सरकारी प्रसूतिगृहे आणि तिथल्या शस्त्रक्रियागृहांकडे खास लक्ष पुरवायला घेतले.

देशात लाख जिवंत जन्मांमागे २००१–०३ मध्ये ३०१ माता दगावत. २०१८–२० मध्ये हा आकडा ९७ झाला, महाराष्ट्रात ३३. आकडा लहान झाला खरा, पण ज्या घरची बाई जाते त्या घराला तो शंभर टक्केच असतो.

उलट, गरज नसताना पोट कापणे हेही बरे नव्हे. २०१९–२१ च्या पाहणीत देशातल्या खासगी रुग्णालयांत शेकडा ४७ बाळंतपणे सिझेरियनने झाली, सरकारीत शेकडा १४. एकीकडे अति, एकीकडे गरजवंताला मिळत नाही, अशी ही तऱ्हा.

घरच्या मंडळींनी एवढे करावे: सुनेचे नाव लवकर नोंदवावे, तिच्या अंगात रक्त किती ते तपासून घ्यावे, रक्तगट ठाऊक ठेवावा, आणि शस्त्रक्रिया व रक्त कुठल्या रुग्णालयात मिळते ते आधीच विचारून ठेवावे. दुखायला लागल्यावर विचारपूस करायची वेळ नसते. आणि अंगात ताकद असेल त्याने वर्षातून एकदा तरी रक्त द्यावे. बाजारात चांदीचा भाव चढतो-उतरतो. रक्ताची बाटली वेळेला मिळाली, तर तिचे मोल कधी उतरत नाही.