खर्चाचा हुकूमनामा आणि अपिलाची वाट

अपील गुदरलें कीं दाव्याच्या खर्चाची वसुली आपोआप थांबते, हा समज आमच्या लोकांत खोल रुजला आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४१ व्या आदेशांतील ५ वा नियम याच्या उलट आहे. तहकुबीस न्यायालयाचा स्वतंत्र हुकूम लागतो. मागणारानें भारी नुकसान दाखवावें, विलंब न करतां यावें व जामीन द्यावा.

धाराशिवास ही संहिता लागू झाली ती १ एप्रिल १९५१ रोजीं. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता. तेथील पक्षकाराचें उच्च न्यायालय १९५६ पर्यंत हैदराबादेस, मग मुंबईस. औरंगाबादचें खंडपीठ १९८१ सालचें. ‘विलंब न करतां’ या शब्दांचें ओझें कोरडवाहू कुणब्यास किती, हें यावरून ताडावें.

परंतु त्याच नियमांत उतारा आहे. अपिलाची मुदत सरण्यापूर्वीं, हुकूमनामा देणाऱ्या न्यायालयासच तहकुबी देतां येते. कलम ६० शेतकऱ्याचीं अवजारें व चरितार्थास लागणारीं जनावरें जप्तींतून वगळतें. जमिनीस मात्र तसें सरसकट अभय नाहीं. अपील जिंकल्यास वसूल झालेला पैसा कलम १४४ अन्वयें परत मिळेल. लिलावांत त्रयस्थानें घेतलेलें शेत सहसा परत येत नाहीं. म्हणून, आम्हांस वाटतें, तहकुबीचा अर्ज हीच गरिबाच्या अपिलाची पहिली पायरी होय.