स्वतंत्रपूरचा धडा

तुरुंगातून सुटलेल्याची शिक्षा कायद्याने संपते. ज्ञातीत मात्र ती चालूच राहते. दिंडोरीत परतलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी जाण्याचे आम्हीही टाळले. ती चुटपुट आजही आहे.

अशा वेळी औंध संस्थानाचे स्मरण होते. सन १९३९ मध्ये त्या संस्थानात, मूळच्या पोलंडच्या मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने, आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहत वसली. भोवती तट नव्हता. कैदी शेती करीत, बायकामुलांसह राहत. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामागे हाच प्रयोग होता.

एका लहानशा संस्थानास जे साधले, ते आपल्या ज्ञातीस का साधू नये? परतलेल्याचे पान पंक्तीत मांडावे, त्याच्या मुलीस सून करून घेताना कचरू नये, एवढीच ज्ञातिबांधवांस विनंती.