ऊन जमा, सावली नावे

आमच्या घराला पश्चिमेकडे एक गॅलरी होती. 'होती' हे क्रियापद मी पूर्ण जबाबदारीनं वापरतो आहे, कारण तिला भूतकाळात धाडण्याचं काम मीच केलं. चार वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत गॅलरी आत घेण्याची साथ आली. साथ म्हटली की ती आमच्या घरी यायचीच. मधलं दार-खिडकी निघाली, कठड्यावर सरकत्या काचा बसल्या आणि तीस चौरस फूट जागा वाढली म्हणून मी शेजारीपाजारी पेढे वाटले. त्या जागेत अण्णांची कॉट टाकली. "भरपूर उजेड आहे, वाचत पडा," असंही त्यांना वर ऐकवलं. अण्णा काही बोलले नाहीत. वडील माणसं गप्प बसली की आपण ती संमती समजतो. बँकेत मात्र सही घेतल्याशिवाय आम्ही काहीच समजत नाही!

एप्रिल लागला आणि दुपारी तीननंतर त्या जागेत कुरडया वाळतील असं ऊन येऊ लागलं. एके दिवशी अण्णा उठायला गेले आणि घेरी येऊन परत कॉटवर बसले. डॉक्टर म्हणाले, "उकाड्यानं अंगातलं पाणी कमी झालंय. या वयात हे बरं नाही. यांना थंडाव्याला ठेवा." मी घाबरलो आणि घाबरलेला मध्यमवर्गीय माणूस जे करतो तेच केलं. खरेदीला गेलो. चांगले जाड पडदे आणून काचांच्या आतून लावले. खोलीत अंधार झाला, पण उकाडा जागचा हलला नाही. पडद्याला हात लावला तर तवा!

अण्णा पडल्यापडल्या म्हणाले, "अरे, चोराला घरात घेऊन मग त्याच्या तोंडावर चादर टाकतोस होय?"

हे वाक्य मला लागलं. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. उष्णतेचा आणि माझा संबंध शाळेतच संपलेला. तरी वाचनालयात बसून थोडा अभ्यास केला. प्रकार असा की उन्हाला काचेतून आत यायला कुणाचीच आडकाठी नसते. आत येऊन ते फरशी, भिंती, कॉट यांना तापवतं. तापलेल्या वस्तू ती उष्णता परत बाहेर टाकू बघतात, पण तोपर्यंत तिची जात बदललेली असते. तिच्या लहरी लांब झालेल्या असतात आणि त्यांना काच ओलांडता येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर पैसे भरायची खिडकी उघडी आणि काढायची बंद. आतला पडदा थोडं ऊन परत पाठवतो, पण बाकीचं त्याच्याच अंगात मुरून खोलीच्या खात्यावर जमा होतं. तोच पडदा काचेबाहेर असता तर तोही तापला असता, पण त्याचा ताप वाऱ्यानं परस्पर नेला असता.

एवढी साधी गोष्ट आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हती असं थोडंच आहे? सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त वाळ्याच्या खोल्यांचं वर्णन केलं आहे. त्या वाळ्यावर पाणी शिंपडलं की भर उन्हाळ्यात हिवाळा व्हायचा म्हणे. पुढे इंग्रज साहेब आला. त्यानं आपल्या पुष्कळ गोष्टींना नावं ठेवली, पण वाळ्याच्या ताट्या मुकाट्यानं दारं-खिडक्यांना बांधल्या आणि त्यांवर पाणी मारायला माणूस ठेवला. कोरड्या हवेत ते पाणी सुकताना वारा गार होतो. मुंबईच्या दमट हवेत मात्र पाणी सुकतच नाही, नुसतं पायाखाली येतं. तिथं सावलीवरच भागवायचं.

जयपूरचा हवामहल १७९९ सालचा. शेकडो झरोक्यांच्या जाळ्यांतून राजस्त्रियांना रस्ता दिसावा, रस्त्याला त्या दिसू नयेत, आणि वारा आत येताना ऊन बाहेर गाळलं जावं, अशी तिहेरी सोय. कोकणात उन्हाळ्यात अंगणात झावळ्यांचा मांडव पडतो, त्यात कसला वास्तुशास्त्री आला? वाड्याची ओसरी घ्या, नाहीतर मुंबईच्या चाळीची सार्वजनिक गॅलरी घ्या. तिथं पापड वाळले, भांडणं झाली, लग्नंही जमली. पण खोल्यांच्या आणि उन्हाच्या मध्ये उभं राहण्याचं काम ती गॅलरी न बोलता करत होती.

माझ्यासारखी चूक मोठमोठ्यांनीही केलेली आहे, हे वाचून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! ल कॉर्बुझिए हा विसाव्या शतकातला जगप्रसिद्ध वास्तुशिल्पी. त्यानं पॅरिसमध्ये साल्व्हेशन आर्मीसाठी निराश्रितांचा आश्रम बांधला. तो १९३३ साली उघडला. दक्षिणेकडची अख्खी बाजू काचेची, आणि एकही खिडकी उघडता येणार नाही अशी पक्की बंद. आतली हवा यंत्रानं गार करायची योजना होती. पण पैसे कमी पडले आणि गार करणारं यंत्र तेवढं राहिलं. उन्हाळा आला तशी आतली माणसं भाजून निघाली. त्यांत लहान मुलंही होती. तक्रारी झाल्या, सरकारी हुकूम निघाले, तरी साहेब खिडक्या करू देईनात. शेवटी त्या कराव्याच लागल्या. पुढे महायुद्धात १९४४ साली बॉम्बनं काचा फुटल्या आणि युद्धानंतरच्या दुरुस्तीत त्या बाजूला काँक्रीटच्या उन्हाळी जाळ्या बाहेरून बसल्या.

पण माणूस मोठा खरा, कारण चुकीतून शिकला. रिओ दि जानेरोच्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीसाठी १९३६ साली त्यानं सल्ला दिला. तिच्या उत्तर बाजूला बाहेरून हलत्या पट्ट्या आहेत. विषुववृत्ताच्या पलीकडे सूर्य उत्तरेकडून छळतो ना! पुढे चंडीगडला तर त्यानं हायकोर्टापासून सचिवालयापर्यंत सगळ्यांना काँक्रीटची कपाळपट्टी बांधली. फक्त जाड काँक्रीट दिवसभर तापतं आणि ती उष्णता रात्री सावकाश परत करतं. आपली बांबूची कामटी सूर्य मावळला की लगेच गार. तेवढ्यापुरते आपण साहेबांच्या पुढे.

एक शंका उरली होती. आमच्या खिडकीवर सिमेंटचा छज्जा आहेच की! मग? तर छज्जा अडवतो डोक्यावरचं ऊन. आमच्या पुण्यात मे महिन्याच्या मध्यावर दुपारी सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीची फारशी तक्रार नसते. पण तोच सूर्य चारच्या सुमाराला पश्चिमेकडे उतरतो आणि छज्जाखालून, समोरून, वसुलीला आलेल्या माणसासारखा थेट दारात उभा राहतो. त्याला अडवायला उभाच आडोसा हवा.

मी बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा आणला आणि काचेबाहेर, छज्जाखाली टांगला. मध्ये वीतभर जागा सोडली आणि वाऱ्यानं फडफडू नये म्हणून खाली बांधला. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींची चिठ्ठी आली: 'इमारतीच्या दर्शनी भागास बाध येत आहे.' मी त्यांना दुपारी चार वाजता चहाला बोलावलं. अण्णांच्या कॉटवर बसवलं. चहा संपेपर्यंत त्यांनी घाम पुसला नाही. जाताना हळूच विचारलं, "पडदा कुठून आणलात हो? आमच्या सासूबाईसुद्धा पश्चिमेच्याच गॅलरीत असतात." चिठ्ठीचं पुढे काही झालं नाही.

आता अण्णा दुपारी तिथंच पेपर वाचत पडतात. कामट्यांच्या सावलीचे पट्टे त्यांच्या धोतरावर पडतात. परवा माझ्या ध्यानात आलं की ती गॅलरी म्हणजे जागा नव्हतीच, सावली होती. मी तीस चौरस फूट जमा केले आणि सावली नावे टाकली. सोळा वर्षं खतावण्या लिहून मला हा ताळेबंद वाचता आला नाही.

मी अण्णांना म्हटलं, "तुम्हाला हे सगळं तेव्हाच कळलं होतं, तर बोलला का नाहीत?"

पेपरातून डोकं वर न काढता अण्णा म्हणाले, "तू पेढे वाटत होतास. म्हटलं, उन्हाळा सांगेलच."