जुवारीच्या मुखावरील चोणकाची गरवणी

पिसे आणि दोरा यांपासून बनवलेली कृत्रिम माशी पाण्यावर अलगद टाकून ट्राउट पकडण्याची कला थंड प्रदेशांतील नद्यांवर वाढली. इंग्रजांनी ट्राउट भारतात आणला, तोही काश्मीर आणि निलगिरीच्या शीतल ओढ्यांत. गोमंतकातील उबदार पाण्यात तो तग धरू शकत नाही. मात्र वसंताच्या आरंभी गरी घेऊन नदीकाठी तासन्‌तास उभे राहणे मुरगाव तालुक्याला नवे नाही. येथे ट्राउटचा मान चोणकाकडे जातो.

कुठ्ठाळीपासून सांकवाळ, चिखलीमार्गे मुरगावच्या भूशिरापर्यंत तालुक्याची उत्तर सीमा जुवारी नदी आखते. माघ-फाल्गुनात पावसाळ्यातील गढूळपणा ओसरलेला असतो, वरून येणारे गोडे पाणी आटलेले असते आणि समुद्राचे खारे पाणी भरतीबरोबर नदीत खूप आतवर जाते. पाणी नितळ असल्यामुळे माशाला आमिष दुरून दिसते. तसाच जाड तंगूसही दिसतो, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही.

चोणक म्हणजे शास्त्रीय परिभाषेत ‘लेटिस कॅल्कॅरिफर’; ऑस्ट्रेलियात हाच मासा बॅरामंडी म्हणून ओळखला जातो. तो भक्ष्याचा पाठलाग फारसा करीत नाही. बुडालेला खडक, पुलाचा खांब, कांदळवनाची मुळे किंवा मानशीचे तोंड अशा आडोशाला तो दबा धरून बसतो आणि प्रवाहाबरोबर वाहत येणारी सुंगटे व लहान शेवटे गिळतो. म्हणून घड्याळापेक्षा भरती-सुकतीचे गणित महत्त्वाचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जोराने फिरते, भांगात ते मंदावते. भरती थांबून पाणी परतू लागते ती वेळ जाणते गरवणारे चुकवीत नाहीत. आमिष म्हणून जिवंत सुंगट उत्तम. हल्ली काठी-रीळ आणि लाकडी वा प्लास्टिकचा मासाही वापरतात. गरी लागताच चोणक पाण्याबाहेर उसळतो. त्याच्या कल्ल्यांवरील झाकणाची कड पात्यासारखी धारदार असल्याने तंगूस कापला जातो आणि बेसावध हातही.

या माशाची खरी नवलाई त्याच्या आयुष्यक्रमात आहे. बहुतेक चोणक जन्माने नर असतात. तीन-चार वर्षांचे होईपर्यंत ते नर म्हणून प्रजननक्षम होतात आणि पुढे काही वर्षांनी, साधारणपणे मीटरभर लांबीच्या आसपास, मादी बनतात. अर्थात ज्या अवाढव्य चोणकासोबत छायाचित्र काढून घेण्याची हौस असते, तो जवळजवळ नेहमीच मादी असतो आणि एका हंगामात लाखो अंडी देण्याची तिची क्षमता असते. पावसाळ्याच्या सुमारास हे मासे अंडी घालण्यासाठी नदीमुखाच्या खाऱ्या पाण्यात उतरतात. पिल्ले मग खाड्यांत आणि मानशींतून खाजनांत शिरून वाढतात.

राज्यातील १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी यांत्रिक नौकांना लागू होते. काठावरच्या गरीला ती अडवीत नाही, आणि नदीमुख तर काठाच्या आवाक्यातच आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात ५८ सेंटीमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटीमीटरपेक्षा मोठा चोणक ठेवता येत नाही. लहान मासा सोडावा हे आपल्याकडे समजूतदारांना पटते. मोठा सोडावा हे सांगणे अवघड जाते, कारण बाजारात किंमत त्यालाच. तरीही छंद म्हणून गरवणाऱ्याने तरी ते ऐकावे.

सोडायचाच असेल तर गरीचे उलटे टोक पक्कडीने आधीच दाबून सपाट करावे, म्हणजे ती चटकन निघते. मासा तापलेल्या खडकावर आपटू देऊ नये, हात ओले करूनच धरावा, जबड्याला धरून उभा लोंबकळत न ठेवता पोटाखाली आधार द्यावा. मग तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरावा आणि शेपटीचा जोर जाणवला की हात काढून घ्यावा.